मित्रांना घेऊन जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करायची असेल तर कुठून सुरुवात करायची

जुनी गाडी दारात आली की सगळ्यांचे हात शिवशिवायला लागतात, कोणीतरी बॉनेट उघडतं, कोणीतरी पाना शोधतं आणि तासाभरात कार्ब्युरेटर खाली आलेला असतो. पहिल्या दिवशी नेमकं हेच करायचं नाही. खोलणं सोपं असतं हो, दोन-तीन जण असतील तर शनिवार-रविवारमध्ये अख्खी गाडी जमिनीवर मांडता येते, पण परत जोडायला महिने नाही तर वर्षं लागतात आणि तोवर कुठला बोल्ट कुठचा हे कोणालाच आठवत नाही. पैसे संपल्यामुळे अडकलेल्या गाड्यांपेक्षा कामाचा घोळ झाल्यामुळे अडकलेल्या गाड्या मला जास्त दिसतात. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात पान्यांइतकंच काम कसं वाटून द्यायचं याबद्दल आहे.

गाडी निवडताना आणि आणल्यावर

नवशिक्यांनी इंजिनकडे कमी आणि पत्र्याकडे जास्त बघा. बंद पडलेलं इंजिन दुरुस्त होतं, दुसरं मिळतं, पण खालून कुजलेली बॉडी सरळ करणं हे सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात महाग काम. दारांच्या खालचा पट्टा, पायाखालचा फ्लोअर, डिकीत स्टेपनी बसते तो खळगा, सस्पेन्शन जिथे चासीला किंवा बॉडीला धरलेलं असतं त्या जागा, विंडस्क्रीनच्या खालचा कोपरा, इथे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून बघा, अर्थात मालकाला विचारून. सोबत एक छोटं लोहचुंबक ठेवा, वर पातळ कापड गुंडाळून बॉडीवरून फिरवा, जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टीचा थर आहे (काही गाड्यांत मुळातच फायबर किंवा ॲल्युमिनियमचे पॅनल असतात, ते आधी माहीत करून घ्या). दार उघडून थोडं वर उचलून बघा, वरखाली हललं तर बिजागरी झिजलीये किंवा खांबच कुजलाय.

दुसरी गोष्ट म्हणजे स्पेअर. कमी बनलेली दुर्मिळ गाडी दिसायला भारी, पण पहिल्या प्रोजेक्टला भरपूर बनलेली, सुटे भाग आणि वर्कशॉप मॅन्युअल मिळणारी गाडीच घ्या. आणि शक्यतो पूर्ण गाडी घ्या. काचेच्या पट्ट्या, लाइटच्या रिंगा, दाराचे हँडल, डॅशबोर्डचे नॉब असली बारीक चीजवस्तू गायब असेल तर ती शोधण्यातच जीव जातो. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी जुळतात का ते पैसे द्यायच्या आधी बघा, नंतर नाही.

गाडी आली की आधी फोटो. इतके काढा की कंटाळा येईल. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, प्रत्येक पाइप कुठल्या क्लिपमध्ये बसतो, वॉशर आधी की स्प्रिंग आधी. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटणारा भाग) कॅपमधून निघणाऱ्या वायरींना नंबराच्या चिठ्ठ्या लावा, चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ असतो पण सगळ्यांचा नाही, त्यामुळे अंदाजावर सोडू नका.

मित्रांना कामाला लावायच्या आधी

निर्णय एकाचाच. गाडी ज्याची त्याचा. रंग कुठला, काय मूळचं ठेवायचं, काय बदलायचं यावर मतं दहा येऊ देत, ती ऐकाही, पण शेवटचा शब्द कोणाचा हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलून टाका म्हणजे पुढे मनं दुखावत नाहीत. पैशांचंही तसंच, कोण काय आणणार, हत्यार तुटलं तर भरून कोण देणार, गाडी पुढेमागे विकली तर काय, हे सगळं आधीच बोललेलं बरं.

मग एक वही. मोबाइलमधली नाही, तेलकट हाताने उघडता येईल अशी साधी जाड वही, गाडीजवळच राहणारी. त्यात तारीख, काय खोललं, काय बसवलं, काय अर्धवट आहे, काय आणायचंय आणि काम कोणी केलं. सुटलेला प्रत्येक भाग झिपच्या पिशवीत, पिशवीवर पर्मनंट मार्करने 'उजवं पुढचं दार, वरची बिजागरी' इतकं स्पष्ट. नुसतं 'दार' लिहून चालत नाही, सहा महिन्यांनी त्याचा काहीही उपयोग होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मित्र यायच्या आधी काम तयार ठेवा. म्हणजे काय, तर शनिवारी तिघं येणार असतील तर शुक्रवारीच ठरवा की उद्या मागचे ब्रेक करायचेत, त्याचे भाग आणून ठेवा, गंजलेल्या नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल आदल्या रात्रीच मारून ठेवा (हे तेल आत झिरपायला वेळ लागतो, मारलं आणि लगेच पाना लावला तर फायदा होत नाही), मॅन्युअलचं पान उघडून ठेवा. काम असं निवडा की संध्याकाळी ते बंद होईल, उघडं राहणार नाही. एक चाक पूर्ण झालं, एक दार नीट लागायला लागलं, एक लाइट पेटला, असं काहीतरी डोळ्यांना दिसलं की माणसं पुढच्या आठवड्यात आपणहून येतात. तीन आठवडे नुसतं गंज घासायला बोलवलंत तर चौथ्या आठवड्यात कोणी फोन उचलणार नाही आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

ज्याला जे जमतं ते त्याला द्या. एकाचा हात वायरिंगमध्ये साफ चालतो, एकाला चिकाटीने घासायला आवडतं, एकाला ताकद लावायची कामं द्यावीत, आणि ज्याला यातलं काहीच येत नाही पण यायची इच्छा आहे तो वही आणि पिशव्या सांभाळायला उत्तम, खरं तर ते काम सगळ्यात जबाबदारीचं आहे.

जीव सांभाळून

इथे मी थोडा कडक आहे आणि राहणार. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. सपाट आणि पक्की जमीन, चाकांना ओट (सरकू नयेत म्हणून ठोकळे), गाडी स्टँडवर (वजन धरणारे लोखंडी टेकू), स्टँडवर टेकल्यावर हाताने हलवून बघायची आणि मगच खाली. पेट्रोलच्या जुन्या टाकीला वेल्डिंग किंवा गॅस लावायचाच नाही, टाकी रिकामी आणि वर्षानुवर्षं कोरडी असली तरी आत वाफ धरून असते आणि स्फोट होतो, ते काम ज्यांच्याकडे टाकी निर्धोक करायची सोय आहे त्यांच्याकडेच द्या. जुन्या ब्रेक शूजमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायची शक्यता असते, त्यामुळे ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका, हवेचं प्रेशर मारू नका, धूळ ओली करून पुसा आणि मास्क लावा. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. जुना रंग घासताना त्यात शिसं असू शकतं. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी हवा, गाडीच्या पलीकडे कोपऱ्यात नको.

हत्यारांबद्दल एकच सांगतो. गाडी कुठली आहे त्यावर नटाचं माप इंचात की मिलिमीटरमध्ये हे ठरतं, काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत तर व्हिटवर्थचं तिसरंच माप असतं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण गंजलेल्या नटावर जोर लावला की कडा गोल होतात आणि मग छिन्नी-हातोडीशिवाय पर्याय राहत नाही. योग्य मापाचा गोटी पान्याचा सेट आणि एक टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) यात कंजुषी करू नका.

कामाचा क्रम

माझा क्रम साधा आहे: आधी बॉडीचा सांगाडा, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन, मग वायरिंग, आणि रंग व सीट अगदी शेवटी. इंजिन आधी चालू करून बघायचा मोह सगळ्यांना होतो, चालू होतंय का एवढं बघा हवं तर, पण थांबवता न येणारी गाडी चालवून बघू नका.

सांगाड्याचं काम करताना दारं काढून टाकून खालचा पट्टा कापू नका. बॉडी वाकते, आणि नवा पत्रा जोडून झाल्यावर दार लागतच नाही. आत आडवे-तिरपे लोखंडी पाइप टाकून आधी बांधून घ्या, एका वेळी एकच बाजू कापा, आणि कायमचं वेल्डिंग मारायच्या आधी दार लावून फट बघा. नवा पत्रा जोडताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ वेल्ड ओढत नेला तर उष्णतेने पत्रा लाटेसारखा वाकतो, म्हणून लांब लांब अंतरावर टाके मारायचे, थंड होऊ द्यायचे, मग मधले भरायचे. वेल्डिंग कोणालाच येत नसेल तर आधी भंगारातल्या पत्र्यावर शिका. आणि चासी, सस्पेन्शनची पकड, सीटबेल्टची पकड हे वेल्ड मात्र शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

लहान भागांचा गंज काढायला इलेक्ट्रोलिसिस फार छान आहे, आणि मित्रांना दाखवायलाही मजा येते. प्लॅस्टिकची बादली, ४-५ लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. चार्जरची निगेटिव्ह क्लिप गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह एखाद्या निकामी लोखंडी पट्टीला, दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. करंट सुरू केला की भागाभोवती बारीक बुडबुडे निघायला लागतात, काही तासांनी पाण्यावर तांबूस फेस येतो आणि रात्रभराने गंजाची काळी पावडर झालेली असते जी ब्रशने निघून येते, खालचं चांगलं लोखंड तसंच राहतं. ते बुडबुडे म्हणजे हायड्रोजन असतो, त्यामुळे हे मोकळ्या हवेतच करायचं आणि क्लिप काढायच्या आधी चार्जर बंद करायचा. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. सोड्याऐवजी मीठ वापरू नका, ॲल्युमिनियमचा भाग त्यात टाकू नका. आणि स्प्रिंगा, जास्त टॉर्कचे बोल्ट यांना ही पद्धत नको, हायड्रोजनने असं कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. बाहेर काढल्यावर धुऊन लगेच वाळवून प्रायमर मारा, कारण उघडं लोखंड तासाभरात परत तांबूस पडायला लागतं.

ब्रेक, जिथे दोन माणसं लागतातच

ब्रेकमध्ये जुनं रबर काहीही ठेवू नका. होज, व्हील सिलिंडरच्या सील, मास्टर सिलिंडरची किट, सगळं नवं. लोखंडी पाइप बाहेरून बरा दिसला तरी क्लिपच्या खाली कुजलेला असतो. ब्रेक फ्लुइड कुठलं चालतं ते मॅन्युअलमध्ये बघा, डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलवर आधारित असतात, डॉट ५ सिलिकॉनवर, आणि सिलिकॉनवालं बाकीच्यांत मिसळायचं नाही. नंबर जवळचा असला तरी डॉट ५.१ परत ग्लायकॉलचंच आहे, त्यामुळे डबा नीट वाचा. ग्लायकॉलवालं फ्लुइड रंगावर सांडलं तर रंग उचलला जातो, लगेच पाण्याने धुवा.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना एक जण पेडलवर, एक जण चाकाशी. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, आपल्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा. चाकाजवळ हवा काढायला जो निपल असतो त्याला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवा. चाकाजवळचा म्हणतो 'दाब', पेडलवाला हळू दाबतो आणि 'दाबलं' म्हणून दाबूनच धरतो, मग निपल पाव फेरा उघडायचा, नळीतून बुडबुडे जाताना दिसतात, पेडल खाली जातं, निपल बंद करायचा, 'बंद' ऐकल्यावरच पेडल सोडायचं. हा शब्दांचा क्रम आधी ठरवून घ्या, कारण निपल उघडा असताना पेडल सुटलं की हवा परत आत ओढली जाते. मास्टर सिलिंडर जुनाच असेल तर पेडल पार तळापर्यंत दाबू नका, तिथे खाली गंज असतो आणि सील त्यावर घासून फाटते, पायाखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम होतं. मध्येमध्ये वरच्या टाकीतलं फ्लुइड बघत राहायचं, हे तिसऱ्या मित्राचं काम.

ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांचे सगळे बोल्ट ज्याने आवळले त्याने न तपासता दुसऱ्याने टॉर्क रेंचने तपासायचे, आणि तपासून झालेल्या बोल्टवरून खालच्या भागावर जाईल अशी पेंट मार्करची एक रेघ मारायची. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटलेली लांबूनच दिसते. शिवाय 'हा आवळला होता का?' हा प्रश्न कोणी कोणाला विचारत बसत नाही.

टायर नक्षी चांगली असली तरी वयाने बाद होतात. बाजूला चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा, आणि तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा, तो फक्त गाडी ढकलायला ठेवा.

इंजिन

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला सेल्फ मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, काही दिवस थांबा आणि मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने हळूहळू फिरवून बघा. अडलं तर जोर लावायचा नाही, थोडं पुढे थोडं मागे, परत तेल, परत थांबा. मोकळं झालं की इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, जुनं पेट्रोल सगळं काढा, प्लग न लावताच सेल्फने फिरवून ऑइलचं प्रेशर येऊ द्या आणि मग प्लग लावून स्टार्ट करा.

इंजिन चाललं, तापलं की कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजा, सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. आकडा किती येतो यापेक्षा सिलिंडर-सिलिंडरमध्ये फरक किती हे बघायचं, १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर निवांत राहा. एक सिलिंडर खूप कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत घ्या, आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. एवढ्या साध्या टेस्टने अख्खं इंजिन खोलायचं की नाही ते कळतं.

पेट्रोलबद्दल लक्षात ठेवा, जुन्या इंजिनांचे व्हॉल्व्ह सीट शिसं असलेल्या पेट्रोलवर अवलंबून होते आणि गाड्यांसाठीचं तसं पेट्रोल २०२१ मध्ये जगातून संपलं. हेड उघडलंच आहे तर कडक सीट बसवून घ्या. आणि आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची पॅकिंग खराब होतात, त्या इथेनॉल चालणाऱ्या मटेरियलच्या घ्या, याने आग लागायचा धोका खूप कमी होतो.

वायरिंगला हात लावायच्या आधी गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची आणि अर्थिंग (बॉडीला जोडलेलं बॅटरीचं टोक) निगेटिव्हला आहे की पॉझिटिव्हला हे तपासा, बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत आणि उलटी बॅटरी लावली तर नवी इलेक्ट्रॉनिक वस्तू तिथेच जळते.

कस्टमाइज किती करायचं

माझं मत स्पष्ट आहे, जे परत मूळ स्थितीत नेता येतं ते बिनधास्त करा, जे कापल्याशिवाय होत नाही त्यावर महिनाभर विचार करा. जुने भाग फेकू नका, नाव लिहून ठेवून द्या. आणि बदल करण्याआधी तुमच्याकडचे नियम वाचा, काही बदलांना परवानगी लागते, काहींनी गाडीचा ऐतिहासिक दर्जाच जातो. फिवा ही ऐतिहासिक गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६ पासून आहे, त्यांच्या व्याख्येत गाडी किमान ३० वर्षांची आणि ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत जपलेली असावी लागते.

सुरक्षिततेचे बदल मी आधी करेन. १९६० च्या दशकापर्यंतच्या कित्येक गाड्यांत ब्रेकचं एकच सर्किट असतं, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात, तिथे ड्युअल सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवणं हा सगळ्यात चांगला खर्च. तीन ठिकाणी धरणारा सीटबेल्ट व्होल्वोने १९५९ मध्ये आणला, त्याच्या आधीच्या गाडीत तो बसवताना नुसत्या पातळ पत्र्याला बोल्ट मारून चालत नाही, मागून जाड पोलादी प्लेट हवी. हेडलाइटला रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावला तर जुन्या स्विचमधून जाणारा करंट कमी होतो आणि उजेड लगेच वाढलेला दिसतो. पॉइंटच्या (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या जुन्या संपर्काच्या) जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन डिस्ट्रिब्युटरच्या आत लपून बसतं, बाहेरून कळतही नाही. मोठं इंजिन टाकायचं असेल तर आधी ब्रेक, सस्पेन्शन आणि रेडिएटर त्या ताकदीचे करा.

रंगाचं काम ८० टक्के घासण्यात आहे, म्हणून इथे सगळे मित्र लागतात. एपॉक्सी प्रायमर, त्यावर पुट्टी पण २-३ मिलिमीटरपेक्षा जाड नको (जास्त लागत असेल तर पत्रा अजून ठोकायला हवाय), लांब लाकडी ब्लॉकला पॉलिश पेपर लावून घासायचं, नुसत्या बोटांनी घासलं तर खड्डे पडतात. पुट्टीवर ८०, मग १८०, मग प्रायमरवर ३२० आणि ४००, ६०० पर्यंत. मधूनमधून वेगळ्या रंगाचा पातळ स्प्रे मारून परत घासा, जिथे तो रंग शिल्लक राहतो तिथे खळगा आहे. शेवटचा टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग) मात्र घरी मारू नका, त्यातल्या आयसोसायनेटने कायमचा दमा होऊ शकतो, साधा मास्क पुरत नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क आणि बूथ लागतो. घासून तयार केलेली गाडी पेंटरकडे द्या, खर्च बराच वाचतो आणि फिनिशही चांगलं येतं.

पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा रिकामा रस्ता, कमी वेग, मागून दुसऱ्या गाडीत एक मित्र, सोबत पाने, पाणी, फ्युज आणि एक्स्टिंग्विशर. थोडं चालवून थांबा, प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन बघा, एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. खाली वाकून गळती बघा, मार्करच्या रेघा बघा, चाकांचे नट परत एकदा टॉर्क रेंचने तपासा, आणि हे सगळं तिथेच वहीत लिहून मग पुढे निघा.